पाटीवरचे नाव आणि ओठांवरचे नाम



पौष वद्य एकादशीला श्रीनिवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी जो त्र्यंबकेश्वरी जाऊन आला आहे, त्याला तिथल्या थंडीचे वर्णन सांगावे लागत नाही. ब्रह्मगिरीवरून वारा उतरतो आणि राहुट्यांचे कापड रात्रभर फडफडत राहते. अशाच एका यात्रेत द्वादशीचे पारणे झाल्यावर आम्ही काही मंडळी शेकोटीभोवती बसलो होतो. निघायची घाई नव्हती. तेवढ्यात हरसूलकडचा एक तरुण माळकरी आपल्या आईला घेऊन आला, सर्वांच्या पाया पडला आणि खिशातून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हाती दिला.

हरसूल हा त्र्यंबकेश्वर तालुक्यातलाच, गुजरातच्या सीमेकडचा डोंगराळ मुलूख. कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाची वस्ती. पावसाळ्यात भात आणि नागली होते. पुढे हाताला काम नसले की पुष्कळ घरे नाशिककडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. या तरुणाच्या घरी बांबूचे काम. सूप, टोपली, रोवळी, परडी, डालगे, कणगी, पावसाळ्याचे इरले, सगळे आई करते, तोही करतो. आजवर माल डोक्यावर घेऊन बाजारात बसायचे. आता रस्त्याच्या कडेला पत्र्याचे एक लहान दुकान टाकायचे ठरले होते. स्वतःच्या घरचा माल आणि पाड्यातल्या आणखी चार घरांचा माल तिथे ठेवायचा. एवढीच त्याची उडी.

कागदावर तीन ओळी होत्या. पहिलीवर ‘माउली हस्तकला’. दुसरीवर त्याचे स्वतःचे नाव आणि पुढे ‘बांबू आर्ट’. तिसरी ओळ कोरी होती.

‘ही कोरी का?’ मी विचारले.

‘ती तुमच्यासाठी ठेवली, महाराज. तुम्ही सांगाल ते नाव.’

खरे सांगतो, मला विचार करावा लागेल असे वाटलेच नव्हते. पहिल्या ओळीवर बोट ठेवून ‘माउलींचे नाव लावा, कल्याण होईल’ एवढे म्हणून मी मोकळा होणार होतो. पण त्याची आई इतका वेळ शेकोटीकडे बघत गप्प बसली होती, ती मध्येच बोलली. ‘माउलीचं नाव नको म्हणते मी. सूप उसवलं तं बाई काय म्हनंल? माउलीचं सूप उसवलं म्हनंल. माझ्या हातची चूक माउलीच्या नावावर कशाला?’

शेकोटीभोवतीची मंडळी हसली. मला मात्र हसता आले नाही. उभा जन्म नामाचा महिमा सांगण्यात गेला आणि नाम कुठे लावावे, कुठे लावू नये, हा प्रश्न एका बांबू विणणाऱ्या बाईने मला घातला. तो प्रश्न घेऊनच मी घरी आलो. त्यावर जो विचार झाला तो वाचक माउलींपुढे ठेवतो.

प्रथम पूर्वपक्ष पाहू, कारण तो दुबळा नाही. कोणी म्हणेल, नाम कसेही घेतले तरी तारतेच. श्रीमद्भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा आहे. कान्यकुब्जचा हा ब्राह्मण आचारभ्रष्ट झाला, नको ते सर्व त्याने केले. त्याला दहा मुले. धाकट्याचे नाव नारायण. अंतकाळी यमदूत दिसले तेव्हा त्याने घाबरून मुलाला हाक मारली आणि विष्णुदूत धावून आले. देवाला हाक मारण्याचा हेतू नसतानाही नामाने आपले काम केले. मग हरसूलच्या रस्त्यावर ‘माउली’ अशी पाटी लागली, तर येणारा-जाणारा ती वाचेल. एस.टी.च्या खिडकीतून वाचेल. ‘कुठून आणलीस टोपली?’ या प्रश्नाला ‘माउलीतून’ असे उत्तर मिळेल. दिवसाकाठी पन्नास मुखी नाम आले, तर यात वाईट काय? वारकरी तर भेटेल त्याला माउलीच म्हणतो. पोलिसालाही म्हणतो, चहावाल्यालाही म्हणतो.

हा पक्ष खोडून काढण्याची माझी इच्छा नाही. आपल्यापैकी अनेकांच्या दुकानावर, पिठाच्या गिरणीवर, ट्रॅक्टरवर विठ्ठलाचे किंवा माउलींचे नाव असेल आणि ते भावानेच लावलेले असेल. ते पुसा, असे मी सांगत नाही. पण अजामिळाची कथा आपण अर्ध्यातच सोडतो. पुढे काय झाले? सुटका झाल्यावर तो पुन्हा त्याच घरी, त्याच वागण्याकडे गेला नाही. पश्चात्ताप पावून तो गंगाद्वारी गेला आणि तिथे त्याने साधना केली. नामाने त्याला आधी सोडवले आणि मग बदलले. दुसरे असे की, अजामिळाने ते नाव काही विकण्यासाठी घेतले नव्हते. मुलावरच्या मायेने घेतले होते. दुकानाच्या पाटीवर नाव लागते तेव्हा त्यात गिऱ्हाइकाला बोलावणे असते. ‘या, इथे फसवणूक नाही’ असे ती पाटी न बोलता सांगते. आणि हे सांगण्याचे काम आपण देवाकडे सोपवतो.

शास्त्रकारांनी नामाचे दहा अपराध सांगितले आहेत. त्यांतला एक आपण कीर्तनात नेहमी सांगतो: नामाच्या बळावर पाप करणे. नाम घेतोच आहे, आता थोडे इकडेतिकडे झाले तरी चालेल, ही बुद्धी. बांबूच्या धंद्यात हे इकडेतिकडे कसे होते, ते त्या मायलेकांनीच मला सांगितले. बांबू तीन वर्षांचा पक्का हवा, कोवळा चालत नाही. तो पावसाळ्यात तोडायचा नाही, आणि त्यांच्याकडे अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायची चाल आहे. कोवळा किंवा अवेळी तोडलेला बांबू वापरला, तर काही महिन्यांत त्याला किडा लागतो आणि खाली पिठासारखा भुसा पडू लागतो. पण नवी टोपली वरून तशीच दिसते. रंग आणि व्हार्निश फासले तर आणखी छान दिसते. गिऱ्हाइकाला कळत नाही, विणणाऱ्याला कळते. अशी टोपली माउलींच्या पाटीखाली विकली गेली, तर फसवणूक एकाची होत नाही, दोघांची होते. गिऱ्हाईक फसते आणि त्या नावावर ठेवलेला विश्वासही फसतो. आईच्या बोलण्यात हेच होते. तिने नामाचा अपराध हा शब्द कधी ऐकला असेल किंवा नसेल. पण आपल्या हातून होणारी चूक थोराच्या नावावर जाऊ नये, ही लाज तिच्याकडे होती. शास्त्र ज्याला अपराध म्हणते, त्याची बोच तिला आधीच लागली होती.

नाव आणि माल यांचा काही संबंध असतो, हे सरकारी कायद्यालाही मान्य आहे. महाराष्ट्रातील दुकानांच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. दुकान कितीही लहान असो, नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत हवा, असे तिने ठरवले. त्याच वेळी, जिथे मद्य विकले किंवा दिले जाते त्या जागेला थोर पुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे देऊ नयेत, असेही ठरवले. म्हणजे कोणत्या मालावर कोणाचे नाव शोभते, हा विचार कायद्यालाही करावा लागला. कायदा मद्यापाशी थांबतो. आपला विचार किडक्या टोपलीपर्यंत गेला पाहिजे.

बरे, माउलींचे नाव नको, तर दुसरी ओळ होती: स्वतःचे नाव. येथे दुसरा आक्षेप उभा राहतो. वारकऱ्याने स्वतःचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवावे का? मीपणा सोडा म्हणून आपण सांगतो आणि पाटीवर तोच मीपणा लावायचा?

या आक्षेपाला संतांनी आपल्या वागण्याने उत्तर देऊन ठेवले आहे. अभंगाच्या शेवटी मुद्रा असते. तुकोबा म्हणतात ‘तुका म्हणे’. त्यात अहंकार दिसतो का? उलट जबाबदारी दिसते. हे बोलणे माझे आहे, याचे उत्तर मला विचारा, असे ती मुद्रा सांगते. एकनाथ महाराजांची मुद्रा ‘एका जनार्दनी’. देवगिरीचे जनार्दनस्वामी हे त्यांचे गुरू. नाथांनी स्वतःचे नाव पुसले नाही. ते गुरूच्या नावाला टेकवून ठेवले. ज्ञानोबारायांनी स्वतःला निवृत्तिनाथांचे दास म्हणवले. ते निवृत्तिनाथ ज्या त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ आहेत, तिथेच आम्ही त्या रात्री बसलो होतो. जनाबाईंची ओळखही तशीच, नामयाची दासी. दळण-कांडण करणाऱ्या एका दासीने आपल्या रचनेत आपले नाव ठेवले म्हणून आज सातशे वर्षांनी आपल्याला ती जनी माहीत आहे. तिने ‘माझे नाव कशाला’ म्हणून ते गाळले असते, तर तिचे बोलणे दुसऱ्या कोणाच्या नावावर गेले असते आणि ती कोणाला कळलीही नसती. म्हणून नाव लावणे हा दोष नाही. त्या नावाने पुढे काय करायचे, यावर दोष की गुण ते ठरते.

आणि नाव काढून घेतले तर काय होते, हेही आपल्या संप्रदायाने पाहिले आहे. तुकोबांच्या काळी सालोमालो नावाचा एक कीर्तनकार होता. महाराजांच्या अभंगांतली त्यांची मुद्रा काढून तिथे तो आपली घाली आणि ते अभंग आपले म्हणून गाई, असे परंपरा सांगते. गाथेत त्याच्याविषयी अभंगही आहेत. ज्या तुकोबांनी धन, मान, घरदार या कशाचीच पर्वा केली नाही, त्यांनीही ही गोष्ट गप्प बसून सोसली नाही. का? मान गेला म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या कष्टावर आणि अनुभवावर आपले नाव घालणे हा खोटेपणा आहे, आणि त्या खोटेपणावर उभे राहिलेले कीर्तन लोकांना कुठे नेणार, म्हणून.

हे जुने झाले असे कोणाला वाटेल, तर अलीकडचे सांगतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले ४ आणि कर्नाटकातले ४ अशा ८ जिल्ह्यांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि त्यांच्या कारागिरांचा त्या नावावर हक्क आहे, हे त्यातून मान्य झाले. तरी जून २०२५ मध्ये इटलीत मिलान येथे प्राडा या बड्या कंपनीने आपल्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या. त्या कोठल्या, कोणाच्या, याचा उल्लेख नव्हता. इकडे ओरड झाली तेव्हा कंपनीने मान्य केले की त्यांची प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलांची आहे. रोहिदासांना आपण संत म्हणून वंदन करतो. मग चपला शिवणाऱ्या हातांचे नाव पुसले जाते, तेव्हा तो केवळ व्यापाराचा प्रश्न आहे असे म्हणून आपल्याला बाजूला होता येत नाही.

इथे मी पुन्हा त्या कागदाच्या दुसऱ्या ओळीकडे आलो आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी शेकोटीपाशी दिसली नव्हती. दुकानात माल पाच घरांचा राहणार होता. पाटीवर नाव एकाचे लागले असते. त्या मुलाच्या मनात कपट नव्हते. पण पाच वर्षांनी गिऱ्हाईक काय म्हणाले असते? ‘हे सगळे या भाऊंचे काम.’ चार घरांतल्या बाया चुलीच्या उजेडात कामट्या काढत राहिल्या असत्या आणि त्यांची मुद्रा मात्र कोणत्याच टोपलीवर नसती. सालोमालो व्हायला माणूस वाईट असावा लागत नाही. पाटी रंगवताना जरा दुर्लक्ष झाले तरी पुरते.

म्हणजे पहिल्या नावात चूक आपली आणि भार देवावर, असा धोका. दुसऱ्या नावात कष्ट इतरांचे आणि श्रेय आपल्यावर, असा धोका. दोन्हीकडे नाव खरे बोलत नाही. मग खरे बोलणारे नाव कोणते?

आपल्या संतांची नावे पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून पाहा. गोरा कुंभार. सावता माळी. नरहरी सोनार. सेना न्हावी. प्रत्येकाच्या नावात त्याचा धंदा आहे आणि तो लपवलेला नाही. तेर म्हटले की गोरोबाकाका, अरण म्हटले की सावतोबा, गावेही त्यांच्या नावांना चिकटून आहेत. कोण, काय करतो, कुठला, एवढेच ते नाव सांगते. ‘मी मोठा भक्त आहे’ असे त्यातले कोणतेही नाव सांगत नाही. आणि तरी त्या नावांचा उच्चार झाला की पंढरी आठवते. सावता महाराज पंढरपूरला गेले नाहीत, मळ्यातच त्यांना देव भेटला, असे आपण सांगतो. मळ्याच्या कुंपणावर त्यांनी देवाचे नाव टांगले होते, असे कोणी सांगत नाही.

आणि दुकान म्हटल्यावर देहूच्या दुकानाकडे जावेच लागते. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती, दुकान होते. त्या दुकानाला काय नाव होते, हे आजवर कोणत्याही कीर्तनात मी ऐकले नाही. आपण सांगतो ते वेगळेच. मोठा दुष्काळ पडला, माणसे देशोधडीला लागली, त्यानंतर महाराजांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते इंद्रायणीत सोडून दिली. धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांनी वेगळा काढून दिला आणि आपल्या वाट्याची खते तेवढी बुडवली. इथेही पाहा, दान करतानासुद्धा दुसऱ्याचा हिस्सा आपल्या नावावर त्यांनी उधळला नाही. दुकानाची पाटी कोणाला आठवत नाही. दुकानदाराने खतांचे काय केले ते जवळपास चारशे वर्षांनंतरही आठवते.

यावरून माझ्या मनाशी एक गोष्ट ठरली. पाटीवरचे नाव गिऱ्हाइकाकडे तोंड करून असते. ते गिऱ्हाइकाशी खरे बोलले पाहिजे: कुठले काम, काय काम, कोणाचे काम. देवाचे नाम मात्र दुकानदाराकडे तोंड करून असावे. गल्ल्यावर बसलेल्याला ते समोर दिसावे, कोवळ्या बांबूवर व्हार्निशचा हात फिरवताना त्याला ते दिसावे, दुसऱ्याच्या मालाचे पैसे मोजताना दिसावे. नाम रस्त्याकडे तोंड करून लावले की ते आपली शिफारस करते. आपल्याकडे तोंड करून लावले की ते आपल्यावर पहारा करते. आणि नामाने शिफारस करावी यापेक्षा पहारा करावा, याची गरज आपल्याला अधिक आहे.

यावर कोणी विचारील की, ज्याच्या पाटीवर आधीच विठ्ठलाचे नाव आहे त्याने काय करावे? त्याने पाटी उतरवू नये. एकदा दुकानाबाहेर जाऊन, गिऱ्हाईक म्हणून रस्त्यावर उभे राहून ती वाचावी आणि मग आत येऊन आपल्या तराजूकडे पाहावे. पाटी आणि तराजू एकच बोलत असतील, तर ते दुकानही देऊळच आहे. बोलत नसतील, तर पाटी बदलण्याआधी तराजू बदलावा. नाव तसेच राहू द्यावे, म्हणजे रोज त्याची आठवण होत राहील.

हे सगळे मी त्या मुलाला निरोप धाडून कळवले. तिसऱ्या कोऱ्या ओळीवर मी कोणतेही नाव सुचवले नाही. तुमचे गाव कोणते, काम कोणते आणि करणारी माणसे कोण, एवढे लिहा, म्हणालो. पुढच्या पौषात मायलेक पुन्हा भेटले. दुकान सुरू झाले होते. पाटीवर ‘हरसूल बांबूकाम’ एवढीच अक्षरे होती आणि खाली पाचही घरांच्या बायांची नावे ओळीने. पहिल्याने स्वतःचे नाव लिहायला त्यातल्या दोघी तयार नव्हत्या. नाव कशाला, कोणी विचारायला आले तर काय सांगू, अशी भीती. मग एकीला कोणीतरी पाटीवरून शोधत आले, सूप छान टिकले म्हणून आणखी दोन मागितले. तेव्हापासून ती कामट्या जरा जास्तच घासून घेते, असे तो हसत सांगत होता.

‘आणि एक सूप परतही आलं,’ आई म्हणाली. ‘कडेचा बांध सुटला होता. माझंच होतं. पाटीवर नाव माझं, तं बाई सरळ माझ्याकडेच आली. बांधून दिलं.’

‘पैसे घेतले?’ मी विचारले.

‘कशाचे घेते? आत समोरच लिवलंय ना त्यानं.’

आत, गल्ल्याच्या समोरच्या पत्र्यावर, गिऱ्हाइकाला मान वळवल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, त्या मुलाने गेरूने रामकृष्णहरी लिहिले होते.